पिकते तिथे विकायला हवे!

तरुण पिढी मोबाइलच्या पडद्यात बुडाली आहे, तिला आपल्या मातीची ओळख उरलेली नाही, ही तक्रार घरांच्या दिवाणखान्यांपासून संस्थांच्या वार्षिक सभांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. तक्रार करणाऱ्या ज्येष्ठांना आदरपूर्वक एकच प्रश्न विचारावासा वाटतो. त्या पडद्यावर आपल्या मातीचे असे काय आहे, आणि ते तेथे यावे म्हणून आपण कोणता प्रयत्न केला? दिव्याहून पेणमार्गे रोह्याला येणाऱ्या गाडीत बसलेला विशीतला मुलगा डोके खाली घालून काहीतरी पाहत असतो, हे खरे. तो परदेशातील तुरुंगांवरचे, अंतराळयानांवरचे, दूर देशांतील खाद्यपदार्थांवरचे माहितीपट पाहतो, हेही खरे. परंतु गाडीच्या खिडकीबाहेर जो मुलूख मागे पडतो आहे, त्याविषयी तितक्याच तोलामोलाचे काही त्याला कोणी दाखवले आहे काय? ताटात वाढले नाही आणि वर मूल जेवत नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा, असा हा प्रकार आहे.

इंटरनेटवर प्रसिद्ध होणारे, तरुणांसाठी स्वतंत्रपणे घडवलेले माहितीपट हे आजच्या काळातील लोकशिक्षणाचे एक मोठे साधन आहे. हे साधन आपोआप हाती येत नाही. कोणीतरी विषय सुचवावा लागतो, तो कोणासमोर तरी मांडावा लागतो, ऐकणाऱ्याने त्यात पैसा घालावा लागतो. या मांडणीला त्या व्यवसायात ‘पिचिंग’ म्हणतात. आपल्या समाजाचे दुर्दैव असे की, येथे गोष्टींना तोटा नाही, त्या सांगू शकणाऱ्या तरुणांनाही तोटा नाही. तोटा आहे तो ऐकून घेऊन थैलीची गाठ सोडणाऱ्यांचा.

खिडकीबाहेरचा मुलूख

पेण आणि रोहे हे रायगड जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके. या दोन तालुक्यांत किती माहितीपट दडलेले आहेत, याची नुसती उजळणी करावी.

पेण म्हटले की गणपती. पेण शहर, हमरापूर, जोहे या परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात. येथील मूर्ती मुंबई-पुण्याच्याच नव्हे, तर परदेशातील मराठी घरांच्या देव्हाऱ्यातही पोहोचते. या व्यवसायावर गेल्या काही वर्षांत जे गुदरले, ते नाट्य कोणत्याही पटकथाकाराला सुचणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले. जून २०२५ मध्ये मूर्ती घडवण्यास मुभा मिळाली, पण नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनास नाही. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचा आदेश झाला. त्याच महिन्यात राज्य शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. या साऱ्या काळात वाहिन्यांच्या स्टुडिओत तावातावाने चर्चा झाल्या. परंतु ज्याच्या कारखान्यात कच्च्या मूर्तींच्या रांगा उभ्या होत्या, त्या मूर्तिकाराची त्या महिन्यांतील झोप कशी होती, हे कोणी टिपले? शाडूची मूर्ती जड, वाळायला वेळ घेणारी, प्रवासात तडा जाणारी. शिवाय शाडूची माती येते गुजरातेतून. प्लास्टरची मूर्ती हलकी आणि लवकर तयार होणारी, पण पाण्यात न विरघळणारी. श्रद्धा, पोट आणि पाणी या तिघांची ही ओढाताण आहे. यात कोणी खलनायक नाही, म्हणूनच ती पंचवीस मिनिटे सलग पाहण्याजोगी आहे.

पेणचाच खारेपाट घ्या. समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या खारबंदिस्ती, पाण्याचा निचरा करणाऱ्या उघाड्या, आणि बांधाला खांड गेली की एका भरतीत नापीक होणारी भातजमीन. याच तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी सिडकोच्या वसाहतींना जाते आणि खारेपाटातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. याच धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचे मत मतपेटीतून अजमावले गेले. जमीन द्यावी की न द्यावी, हे शेतकऱ्याला शासनाने असे विचारल्याचा प्रसंग देशात विरळाच. पुढे तो प्रकल्प बारगळला. त्या दिवशी दहा वर्षांची असलेली मुले आज तिशीच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या आजोबांनी कोणता शिक्का कोठे मारला आणि का मारला, हे त्यांना कोण सांगणार? सांगू शकणारे आजोबा दरवर्षी कमी होत आहेत.

याच तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. जमिनीचे दान मागत देशभर पायी फिरलेला माणूस ज्या तालुक्यात जन्मला, त्याच तालुक्यात शतकानंतर जमिनीसाठी मतदान व्हावे, हा योगायोग एखाद्या परदेशी निर्मात्याच्या हाती लागता, तर त्याने त्याचे सोने केले असते.

आता रोहे. कोकण रेल्वेचा आरंभबिंदू म्हणजे रोहे. १९९८ च्या जानेवारीत हा मार्ग संपूर्ण खुला झाला. ज्या गावापासून एवढा पराक्रम सुरू होतो, त्या गावातील तरुण त्या मार्गाकडे कसा पाहतो? रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्यानंतर निघणाऱ्या त्यांच्या पालखीला पोलीस दलाची सशस्त्र मानवंदना असते. १९ ऑक्टोबर १९२० रोजी याच रोह्यात पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांच्या स्वाध्यायातून मच्छीमारांच्या सामायिक ‘मत्स्यगंधा’ नौका उभ्या राहिल्या. १९९६ साली मॅगसेसे आणि १९९७ साली टेम्पल्टन पुरस्काराने जगाने त्यांची दखल घेतली. त्या कार्यावर १९९१ साली ‘अंतर्नाद’ हा कथापट केला तो श्याम बेनेगल यांनी, आणि तोही हिंदीत. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याची मुळे याच परिसरात आहेत. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे कारखाने आणि शेजारून वाहणारी कुंडलिका. त्याच कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर कोलाडला चालणारी नौकाविहाराची साहसे. पावसाळा सरला की वीटभट्ट्या-कोळसाभट्ट्यांकडे निघणारी कातकरी कुटुंबे. आणि २०११ साली रुंदीकरण सुरू होऊन दीड दशकात दोन पिढ्यांच्या विनोदाचा विषय झालेला पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा महामार्ग.

एवढे पीक ज्या मुलखात आहे, तेथे बाजार मात्र नाही. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण आपण निमूटपणे नियती म्हणून स्वीकारली आहे.

पहिला प्रस्ताव आपलाच होता

पिचिंग हा शब्द परका आहे, म्हणून ती गोष्टही परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांच्यापाशी चित्रपटासाठी पैसा नव्हता आणि चलच्चित्र म्हणजे काय हे भांडवलदारांना समजत नव्हते. दादासाहेबांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा रुजवला, रोज थोडे थोडे चित्रण करीत महिनाभर त्याची वाढ टिपली आणि काही मिनिटांत अंकुरापासून वेल होताना दाखवला. ते पाहून फोटोग्राफीच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्जाऊ रक्कम दिली. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील हा पहिला यशस्वी प्रस्ताव. माहितीपटाच्या मांडणीला आजही जे लागते, ते सारे त्यात होते. विषय एका वाक्यात सांगता येण्याजोगा होता; नमुना म्हणून प्रत्यक्ष चित्रण होते; आणि ऐकणाऱ्याच्या मनातील ‘हे शक्य आहे का’ या शंकेचे उत्तर होते. आज जगभरच्या मंचांवर तरुण दिग्दर्शक नेमके हेच करतात. काही मिनिटे मिळतात. त्यात गोष्ट कोणाची, ती आजच का सांगायची, त्या माणसांपर्यंत तुझी पोहोच किती, पाहणारा कोण, खर्च किती आणि काम कधी पुरे होणार, याची उत्तरे द्यावी लागतात. दोन मिनिटांची चित्रफीत दाखवावी लागते. समोर वाहिन्यांचे, निधी देणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी असतात. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात असा मंच १९९३ पासून भरतो. कोलकात्यात २००४ पासून तो उभा राहिला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने २०२४ च्या जूनमध्ये माहितीपटांचा बाजार पहिल्यांदा भरवला. कोलकात्याच्या तरुणाला जे वीस वर्षांपूर्वी आपल्या शहरात मिळाले, ते रायगडच्या तरुणाला आजही आपल्या जिल्ह्यात मिळत नाही.

दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा

कोणी म्हणेल, मग पेणच्या मुलाने ॲमस्टरडॅमला जावे. जरूर जावे. पण तेथे त्याचे काय होते, हेही समजून घ्यावे. जो पैसा देतो त्याची स्वतःची एक आवड असते. दूरच्या परीक्षकाला आपल्या गावातली कोणती गोष्ट चटकन कळते? संघर्षाची, अन्यायाची, पीडिताची. खारबंदिस्तीची उघाडी कशी चालते, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना जुना कारागीर हात कसा स्थिर ठेवतो, हे त्याला कळायला वेळ लागतो, आणि वेळ तर मोजका. मग तरुण दिग्दर्शक नकळत आपली गोष्ट त्या मापाने बेतू लागतो. यात कोणाचे कारस्थान शोधत बसण्याची गरज नाही. ज्याचे ताट, त्याची चव. एवढा हा सरळ व्यवहार आहे.

२०२२ साली ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचलेल्या ‘रायटिंग विथ फायर’ या भारतीय माहितीपटाचे उदाहरण बोलके आहे. ‘खबर लहरिया’ या ग्रामीण महिलांनी चालवलेल्या वृत्तमाध्यमावर तो आहे. जगभर त्याचे कौतुक झाले. पण त्याच वर्षी मार्चमध्ये खुद्द ‘खबर लहरिया’नेच निवेदन काढून सांगितले की, चित्रपट प्रभावी असला तरी त्यात आपल्या कामाचा एक अंश संपूर्ण म्हणून उभा राहिला आहे आणि अशा अंशाने समग्र चित्र विपर्यस्त होते. ज्यांची गोष्ट, त्यांनाच ती आपली पुरती वाटू नये, याहून मोठा इशारा कोणता? त्या पत्रकार भगिनींपाशी निवेदन काढण्याइतका आवाज तरी होता. रोह्याच्या डोंगरातील कातकरी मायबाईपाशी तोही नाही.

याउलट मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ पाहावा. मुदुमलाईच्या जंगलातील एक जोडपे, हत्तीचे अनाथ पिल्लू, तमिळ संभाषण आणि जेमतेम चाळीस मिनिटे. भाषा स्थानिक, माणसे साधी, तरी जगाने तो पाहिला. तेव्हा आगरी बोलीतला खारेपाट जगाला कळणार नाही, ही सबब टिकत नाही. प्रश्न भाषेचा नसून, गोष्ट कोणाच्या नजरेतून आणि कोणाच्या धीराने सांगितली गेली, याचा आहे.

आपल्या अंगणातील दोष

परंतु सारा दोष बाहेर ढकलून मोकळे होणे हा आपल्याकडील जुना रोग आहे. आपल्या अंगणात काय दिसते? कमानी, फलक, ध्वनिक्षेपक, सत्कार आणि शाली-श्रीफळे यांना आपल्याकडे देणगीदार मिळतो, कारण फलकावर त्याचे नाव झळकते. माहितीपटासाठी पैसे मागणाऱ्या मुलाला मात्र ‘यातून मिळणार काय?’ असे विचारले जाते. आणि जे मोजके चित्रण होते, त्याचे स्वरूप काय? ड्रोनने किल्ल्याला दोन प्रदक्षिणा, कानठळ्या बसवणारे संगीत, भारदस्त आवाजात चार विशेषणे. अवचितगडावर राहणाऱ्या माणसाने पाणी कोठून आणले, तट कोणत्या दगडाचा, हे त्यात नाही. अशा चित्रफितीने क्षणभर छाती फुगते, पण डोक्यात काही शिरत नाही. अभिमान आणि अभ्यास यांची अशी फारकत होणे परवडणारे नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर. आपल्याला आपल्या गावाविषयी फक्त गोड तेच ऐकायचे असते. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि लाखाहून अधिक ठेवीदारांची पुंजी अडकली. निवृत्तांची, कारागिरांची, लेकींच्या लग्नासाठी साठवलेली ती पुंजी होती. पंचविशीतल्या कोणी उद्या यावर माहितीपट करण्याचा प्रस्ताव घेऊन आपल्या दारी आला, तर आपण ‘गावाची बदनामी नको’ म्हणून त्याला परत पाठवणार काय? तसे केले, तर तो विषय मरणार नाही. तो दुसऱ्या कोणाच्या दारी जाईल आणि मग आपल्या गावाला कोणत्या शब्दांत रंगवायचे, हे तो दुसरा ठरवील. ज्याला आपल्या घरातील अडगळ स्वतः आवरायची नाही, त्याने शेजाऱ्याने ती चव्हाट्यावर मांडल्याबद्दल गळा काढू नये.

‘तरुण पाहतच नाहीत’ म्हणणाऱ्यांस

आणखी एक आक्षेप ठरलेला असतो. आजचा तरुण तीस सेकंदांपलीकडे काही पाहत नाही. हे विधान तरुणांवर अन्याय करणारे आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट मागच्या पिढीने चित्रपटगृहात पाहिले, ते मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे सक्तीचे होते म्हणून. ती संस्थाही २०२२ च्या निर्णयानुसार राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आजच्या तरुणावर सक्ती नाही; अंगठ्याच्या एका हालचालीसरशी तो निघून जाऊ शकतो. तरीही एखादा विषय मनात भरला, तर तोच तरुण तासतासभराचे माहितीपट पाहतो. त्याचा वेळ मागून नव्हे, कमावून मिळतो, एवढाच फरक.

आणि तो कमावण्याची ठरीव युक्तीही नाही. तरुणांना काय रुचते याचे सूत्र आपल्यालाच सापडले, अशा आविर्भावात वावरणारी ‘व्हाइस’ ही बलाढ्य परदेशी कंपनी मे २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज करती झाली. धक्कादायक विषय, उद्धट निवेदन, हलता कॅमेरा ही तिची शैली जगभर अनुकरली गेली होती. शैली जुनी होते. खरी माणसे आणि खरा पेच जुना होत नाही. तरुण प्रेक्षकाला उपदेश नको असतो. त्याला आपल्याच वयाचे कोणीतरी एका खऱ्या प्रश्नाशी झुंजताना पाहायचे असते. बापाचा मूर्तींचा कारखाना पुढे चालवावा की पनवेलला नोकरी धरावी, या विचारात पडलेली हमरापूरची मुलगी दाखवा, तो थांबेल.

वितरणाचीही अडचण आता राहिलेली नाही. यूट्यूब सर्वांना खुले आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हा आपला मंच सुरू केला. रस्ता आहे, वाहन आहे; माल भरणारे हात मात्र अडून बसले आहेत.

करावयाचे काय?

म्हणून सूचना अगदी व्यवहाराची आहे. पेण आणि रोहे या दोन तालुक्यांतील शिक्षणसंस्था, वाचनालये, पतपेढ्या, उत्सव मंडळे आणि उद्योजक यांनी मिळून वर्षातून एकदा माहितीपटांच्या प्रस्तावांची बैठक भरवावी. काळ दिवाळीनंतरचा, भाताची कापणी उरकल्यावरचा असावा. अठरा ते तीस वयाच्या कोणालाही तीत येता यावे. प्रत्येकाने एका पानात विषय, दोन मिनिटांचे नमुना चित्रण, खर्चाचा अंदाज आणि ज्यांच्यावर चित्रण करायचे त्यांची संमती, एवढे आणावे. दहा मिनिटे मांडणी, दहा मिनिटे प्रश्न. निवडीसाठी चित्रपटतंत्र जाणणारा एक, इतिहास वा समाजशास्त्र शिकवणारा एक, ज्या गावांचे विषय आले आहेत तेथील एक आणि पंचविशीच्या आतील एक अशी चार माणसे बसावीत. वर्षाला चार प्रस्ताव निवडून प्रत्येकी दोन लाखांचे साहाय्य ठरवले, तर एकूण आठ लाख होतात. दोन तालुक्यांतील एवढ्या संस्था एकत्र आल्या, तर ही रक्कम त्यांना जड जाऊ नये.

मात्र तीन नियम कोरून ठेवावेत. पहिला, माहितीपटाची मालकी करणाऱ्याची राहील. दुसरा, देणगीदाराच्या हाती कात्री असणार नाही. त्याचे नाव श्रेयनामावलीत येईल, त्याची मर्जी चित्रणात येणार नाही. तिसरा, इंटरनेटवर जाण्यापूर्वी पहिला खेळ त्या गावात, त्या माणसांसमोर होईल. गावाने म्हणावे, ‘होय, हे आमचेच आहे’ किंवा ‘येथे चुकले आहे’. हा तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा, कारण कोणत्याही महागड्या मंचापाशी तो नाही. ज्यांची गोष्ट आहे त्यांना पहिला मान, ही आपल्या संस्कृतीने जगाला दाखवावयाची रीत ठरू शकते.

दुसऱ्या नियमावर कार्यकर्त्यांनी विशेष विचार करावा. समाजकार्यात आयुष्य घालवलेल्यांनाही कधीकधी वाटते की, आपल्या पैशाने होणाऱ्या चित्रणात आपल्या कार्याचा गौरव यावा. तो मोह टाळला पाहिजे. प्रचारपट पाहणाऱ्याला दोन मिनिटांत ओळखू येतो आणि अंगठा हलतो. सत्यावर ज्याचा विश्वास आहे, त्याने सत्य सांगणाऱ्याला मोकळे सोडण्याचे भय बाळगू नये.

दादासाहेबांच्या कुंडीतला तो वाटाणा रुजला, कारण कोणीतरी तो पाहायला बसले आणि पाहून झाल्यावर खिशात हात घातला. आज रायगडातील मुले फोनच्या कॅमेऱ्यात असेच अंकुर टिपून बसली आहेत. येत्या दिवाळीनंतर पेणच्या वा रोह्याच्या एखाद्या सभागृहात टेबलाच्या अलीकडे चार खुर्च्या मांडा, त्यांना बोलवा आणि दहा मिनिटे मध्ये न बोलता ऐका. तेवढेही जमत नसेल, तर तरुण पिढी बिघडल्याची तक्रार करण्याचा अधिकार आपण सोडून द्यावा, हे उत्तम.